प्रा. एम. एम. शर्मा यांचा वारसा: कारखान्यातली अडचण, प्रयोगशाळेतला प्रश्न

आपण विचारले आहे की, मुंबई विद्यापीठाच्या माटुंग्यातील रासायनिक तंत्रज्ञान विभागात, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘यूडीसीटी’त (आजची रासायनिक तंत्रज्ञान संस्था, ‘आयसीटी’), प्रा. एम. एम. शर्मा यांनी उद्योग आणि विद्यापीठ यांच्यात जो दुवा निर्माण केला तो नेमका कशाचा होता, आणि उद्योगांशी सहकार्य वाढवण्यासाठी समिती नेमलेल्या आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला त्यातले काय घेता येईल. मी रासायनिक कारखान्यांत प्रक्रिया विकसित करण्याचे काम करत आलो आहे आणि त्या निमित्ताने अनेक महाविद्यालयांशी माझा संबंध येतो. त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगतो. शर्मा सरांचा दुवा करारपत्रांत नव्हता, तो पीएच.डी.च्या विषयाच्या निवडीत होता. कारखान्यातल्या अडचणीच्या मुळाशी असलेला शास्त्रीय प्रश्न ओळखायचा, तो विद्यार्थ्याला द्यायचा, त्याचे उत्तर जगापुढे मांडायचे आणि त्या उत्तरासह तो विद्यार्थीही उद्योगाला मिळू द्यायचा, अशी ती पद्धत होती. बाकीच्या गोष्टी, म्हणजे सल्लागारी, देणग्या, अध्यासने आणि नावलौकिक, या तिच्यातून आल्या. आज बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा लावला जातो. आधी करार होतो, मग छायाचित्र काढले जाते आणि त्यानंतर कामाचा शोध सुरू होतो.

हे समजण्यासाठी संस्थेचा पाया पाहायला हवा. मुंबई विद्यापीठाने हा विभाग 1 ऑक्टोबर 1933 रोजी सुरू केला आणि 1943 मध्ये तो माटुंग्याच्या आवारात आला. मुंबईत तेव्हा कापड गिरण्यांचे राज्य होते. रंग, रंगाई आणि कापडावरच्या रासायनिक प्रक्रिया जाणणारी माणसे गिरण्यांना हवी होती, त्यामुळे उद्योगाची गरज हे या विभागाच्या जन्माचेच कारण होते. पुढे येथील प्रा. के. वेंकटरामन 1957 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले, आणि त्यांच्यानंतर ती जबाबदारी माटुंग्याच्याच प्रा. बा. द. टिळकांकडे गेली. केकी घारडा यांनी येथे शिक्षण घेतले, काही काळ येथे शिकवले आणि मग स्वतःचा कारखाना काढला. म्हणजे शर्मा सर आले तेव्हा जमीन नांगरलेली होती. हे सांगितल्याने त्यांचे श्रेय कमी होत नाही, परंतु एखाद्या नव्या महाविद्यालयाने पाच वर्षांत तसेच पीक येईल अशी अपेक्षा धरू नये म्हणून ते सांगायला हवे.

मन मोहन शर्मा यांचा जन्म 1937 साली जोधपूरचा. रासायनिक अभियांत्रिकीचे शिक्षण त्यांनी माटुंग्यात घेतले आणि पीएच.डी. केंब्रिजला प्रा. पीटर डँकवर्ट्स यांच्याकडे केली. 1964 मध्ये परतल्यावर वयाच्या 27व्या वर्षी ते थेट प्राध्यापकपदावर नेमले गेले. 1989 ते 1997 या काळात ते संस्थेचे संचालक होते. 1990 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले, 1996 मध्ये लेव्हरह्यूम पदक दिले, आणि 2001 मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. सन्मानांची यादी याहून मोठी आहे. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने केंब्रिजहून त्यांनी सोबत काय आणले हे अधिक महत्त्वाचे आहे.

डँकवर्ट्स यांचा विषय होता वायू द्रवात शोषला जातो आणि त्याच वेळी त्याची अभिक्रियाही होते तेव्हा काय घडते, हा. कार्बन डायऑक्साइड अल्कलीच्या द्रावणात सोडला की तो द्रवाच्या पृष्ठभागालगतच्या अत्यंत पातळ थरात विरघळतो आणि तिथल्या तिथे संपूही लागतो. अभिक्रियेचा वेग, वायूची विद्राव्यता आणि विसरणक्षमता (द्रवात पसरण्याची त्याची क्षमता) आधीपासून माहीत असेल, तर वायू किती वेगाने शोषला गेला यावरून वायू आणि द्रव यांच्यातल्या संपर्कपृष्ठाचे एकूण क्षेत्रफळ काढता येते. बुडबुडे मोजावे लागत नाहीत, छायाचित्रे घ्यावी लागत नाहीत. गॅसचे माप आणि ब्युरेटवरचे टायट्रेशन एवढ्यावर भागते. या रासायनिक पद्धतींवर शर्मा आणि डँकवर्ट्स यांनी 1970 मध्ये एकत्रित आढावा लिहिला आणि तो जगभर वापरला गेला.

या पद्धतीचा मुद्दा मी मुद्दाम लांबवतो आहे, कारण दुव्याचे रहस्य मला येथेच दिसते. राज्य विद्यापीठाच्या विभागाकडे महागडी उपकरणे नव्हती आणि परकीय चलनाची टंचाई होती. अशा परिस्थितीत शर्मा सरांनी असा विषय निवडला की ज्याची साधने कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेत मिळतात, ज्याचे गणित जागतिक दर्जाचे आहे, आणि ज्याचे उत्तर कारखान्याला उद्या सकाळी उपयोगी पडते. एक लिटरच्या फ्लास्कमध्ये सहा तासांत पूर्ण होणारे हायड्रोजनेशन, क्लोरिनेशन किंवा ऑक्सिडेशन पाच हजार लिटरच्या रिअॅक्टरमध्ये गेले की वीस तास रेंगाळते, हे आमच्या धंद्यातले रोजचे दुखणे आहे. रसायन तेच, तापमान तेच, उत्प्रेरकही तोच. बदललेले असते ते दर घनमीटर द्रवामागे वायूला मिळणारे संपर्कपृष्ठ. ते मोजता आले की ढवळणीचे पाते बदलायचे, वायू सोडण्याची नळी बदलायची की भांडेच बदलून बुडबुडा स्तंभ (तळातून वायूचे बुडबुडे सोडलेला द्रवाचा उंच नळकांडा) घ्यायचा, हा निर्णय अंदाजावर सोडावा लागत नाही. माटुंग्याच्या विद्यार्थ्यांनी बुडबुडा स्तंभ, भरण-स्तंभ (तुकड्यांनी भरलेला पॅक्ड कॉलम), ढवळपात्रे अशा एकेका साधनासाठी हे आकडे मोजून ठेवले. रघुनाथ माशेलकर यांनी 1969 मध्ये पीएच.डी. पूर्ण केली ती शर्मा सरांकडेच, आणि त्या दोघांचा बुडबुडा स्तंभांतील वस्तुमान-संक्रमणावरचा (पदार्थ वायूतून द्रवात जाण्यावरचा) निबंध याच मालिकेतला. ज्येष्ठराज जोशी यांनी शर्मा सरांबरोबर त्याच स्तंभातल्या द्रवाच्या अभिसरणाचे प्रारूप मांडले. हे शोधनिबंध परदेशी नियतकालिकांत छापून येत होते, आणि तेच निबंध ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या डिझाइन करणाऱ्या माणसाच्या टेबलावर असत.

दुसरे उदाहरण मला याहूनही बोलके वाटते. मेटा-क्रेसॉल आणि पॅरा-क्रेसॉल ही जुळी रसायने आहेत. पॅरा-क्रेसॉलपासून बीएचटी हे ऑक्सिडीकरणरोधक बनते, तर मेटा-क्रेसॉल कीटकनाशकांच्या निर्मितीत लागते. दोन्ही वेगळी हवीत, पण निर्मितीत बहुधा मिश्रण हाती येते. त्यांचे उत्कलनबिंदू 202 अंशांच्या आसपास असून त्यांच्यात एका अंशाचाही फरक नाही, त्यामुळे डिस्टिलेशनने ती वेगळी करणे व्यवहारात परवडत नाही. कारखान्याच्या दृष्टीने ही अडचण असते. तिच्यातला शास्त्रीय प्रश्न शर्मा सरांनी असा मांडला: दोन रेणू उकळण्याच्या बाबतीत सारखे असतील, तर ते अभिक्रियेच्या बाबतीत कुठे वेगळे आहेत? मेटा-क्रेसॉल किंचित अधिक आम्लधर्मी आहे. मिश्रणाला पुरेल त्यापेक्षा कमी अल्कली दिली तर तिच्यासाठी दोघांत स्पर्धा लागते, अधिक आम्लधर्मी घटक मुख्यतः क्षाररूपाने पाण्याच्या थरात जातो आणि दुसरा सेंद्रिय द्रावकात मागे राहतो. हे टप्प्याटप्प्याने करत गेले की विलगीकरण साधते. या विघटन-निष्कर्षणाच्या पद्धतीला शर्मा सरांच्या गटाने अनेक वर्षे दिली. केवळ क्रेसॉलच नव्हे, तर क्लोरोफिनॉल आणि इतर आम्लधर्मी व आम्लारिधर्मी जोड्यांवरही त्यांनी ती तपासली. दुसरा मार्ग आयसोब्युटिलीनचा होता. आम्लधर्मी उत्प्रेरकावर त्याची क्रेसॉलांशी अभिक्रिया घडवायची, तयार झालेल्या ब्युटिल संयुगांच्या उत्कलनबिंदूंत पुरेसे अंतर पडले की ती डिस्टिलेशनने वेगळी करायची, आणि मग ब्युटिल गट काढून मूळ पदार्थ परत मिळवायचे.

येथे काय घडले ते नीट पाहावे. एका मिश्रणाच्या तक्रारीतून ‘अभिक्रियेच्या साहाय्याने विलगीकरण’ असा संशोधनाचा एक संपूर्ण प्रांत उघडला. उत्तर एका कारखान्यापुरते राहिले असते तर ती सल्लागारी झाली असती आणि तेथेच संपली असती. ते रेणूंच्या एका मोठ्या वर्गाला लागू पडेल अशा रूपात शोधले गेले, म्हणून त्यावर प्रबंध लिहिता आला. एखाद्या विशिष्ट कारखान्याचे गुपित उघड न करता तो प्रसिद्ध करण्याची वाटही अशा मांडणीतूनच निघते. गंधकाम्लाऐवजी आम्लधर्मी आयन-विनिमय रेझिन (आम्लाचे काम करणारे घन कण) उत्प्रेरक म्हणून वापरणे, दोन न मिसळणाऱ्या द्रवांतली अभिक्रिया प्रावस्था-संक्रमण उत्प्रेरकाने (घटक एका थरातून दुसऱ्या थरात नेणाऱ्या पदार्थाने) वेगवान करणे, हायड्रोट्रोपच्या (पाण्यात सहसा न विरघळणारे पदार्थ विरघळायला मदत करणाऱ्या क्षारांच्या) द्रावणात विद्राव्यता वाढवून विलगीकरण करणे, या त्यांच्या गटाच्या इतर विषयांनाही हेच लागू पडते. रेझिनच्या बाबतीत तर फायदा ऑपरेटरच्या डोळ्यांना दिसतो: अभिक्रिया झाल्यावर आम्ल उदासीन करावे लागत नाही आणि त्यातून निघणाऱ्या क्षारयुक्त सांडपाण्याची चिंता कमी होते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे तेव्हाचे संचालक एल. के. दोराईस्वामी यांच्यासह शर्मा सरांनी 1984 मध्ये विषमप्रावस्था अभिक्रियांवर (वायू, द्रव, घन अशा वेगवेगळ्या थरांतल्या पदार्थांत होणाऱ्या अभिक्रियांवर) दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. पाठ्यपुस्तकी सिद्धांत आणि कारखान्यात प्रत्यक्ष चालणाऱ्या शेकडो प्रक्रिया एकाच जिल्दीत बांधल्या गेल्यामुळे आमच्यासारख्या माणसांना तो अजूनही हाताशी लागतो.

आता माणसांविषयी. उद्योगांना विद्यापीठाकडून मिळणारी सर्वांत मौल्यवान गोष्ट अहवाल नसून प्रशिक्षित माणूस असतो, हे वाक्य सगळेच म्हणतात. माटुंग्यात ते प्रत्यक्ष घडले. माशेलकर पुढे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक आणि 1995 पासून वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. प्रा. जोशी संस्थेचे संचालक झाले. 2008 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यावर संस्थेचे कुलगुरू झालेले प्रा. गणपती यादव हेही शर्मा सरांचेच विद्यार्थी. उद्योगाच्या बाजूला त्याच संस्थेतून शिकलेले मुकेश अंबानी (रिलायन्स), डॉ. अंजी रेड्डी (डॉ. रेड्डीज), अश्विन दाणी (एशियन पेंट्स), मधुकर पारेख (पिडिलाइट) अशी नावे आहेत. ही सगळी मंडळी शर्मा सरांनीच घडवली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्या प्रत्येकामागे अनेक शिक्षक आणि स्वतःचे कर्तृत्व आहे. परंतु प्रयोगशाळा, सरकारी संशोधन परिषद आणि खासगी उद्योग या तिन्ही ठिकाणी एकाच शाळेत घडलेली, एकच तांत्रिक भाषा बोलणारी माणसे बसली, की परस्परांवरचा विश्वास बैठका घेऊन निर्माण करावा लागत नाही. त्यांच्याहून मोठी संख्या, आणि माझ्या मते त्यांच्याइतकीच महत्त्वाची, आहे ती अंबरनाथ, तारापूर, लोटे परशुराम, पाताळगंगा येथील कारखान्यांत उत्पादन आणि विकास सांभाळणाऱ्या पदवीधरांची. अडचण आली की फोन कोणाला करायचा हे त्यांना ठाऊक असते.

काळाने दिलेली साथही मान्य करायला हवी, नाहीतर आपली समिती चुकीचे निष्कर्ष काढील. 1970 च्या पेटंट कायद्याने, जो 1972 मध्ये अमलात आला, औषधे, कीटकनाशके आणि रासायनिक प्रक्रियेने बनणारे पदार्थ यांवर पदार्थाचे पेटंट देणे थांबवले. पेटंट केवळ प्रक्रियेला मिळू लागले. त्यामुळे तोच पदार्थ वेगळ्या मार्गाने बनवू शकणाऱ्याला बाजार खुला झाला, आणि वेगळा मार्ग शोधणे हेच तर प्रक्रिया-अभियंत्याचे काम. आयातीवर निर्बंध होते, परदेशी तंत्रज्ञान महाग होते आणि अनेकदा परवानगीअभावी मिळतही नव्हते. 1962 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर रासायनिक वसाहती उभ्या केल्या. उद्योजकाला प्राध्यापकाची खरीखुरी गरज होती, आणि प्राध्यापक लोकलच्या अंतरावर होता. 1 जानेवारी 2005 पासून पदार्थांची पेटंटे परत आली, आयात कधीच खुली झाली, आणि आता तंत्रज्ञान विकत घेता येते. आजच्या उद्योजकाला विद्यापीठाची गरज आपोआप भासत नाही. ती त्याला दाखवून द्यावी लागते.

मर्यादांचीही नोंद करतो. एका व्यक्तीच्या विश्वासावर उभा राहिलेला दुवा ती व्यक्ती निवृत्त झाल्यावर टिकतोच असे नाही. माटुंग्यात तो बऱ्याच अंशी टिकला, कारण पुढचे संचालक त्याच परंपरेतले होते. इतरत्र मी असे दुवे एका निवृत्तीबरोबर तुटलेले पाहिले आहेत. दुसरी मर्यादा पैशाची. आपल्याकडच्या उद्योगांनी प्राध्यापकाच्या सल्ल्याचे मोल दिले, पण दहा वर्षे चालेल अशा मूलभूत संशोधनाला पैसा देण्यात ते फार काळ मागे राहिले. जून 2025 मध्ये मुकेश अंबानी यांनी शर्मा सरांप्रती गुरुदक्षिणा म्हणून संस्थेला 151 कोटी रुपये देण्याचे जाहीर केले, आणि त्याचा विनियोग कसा करायचा हे संस्थेवर सोडले. विनियोगाचे हे स्वातंत्र्य मला रकमेहून मोलाचे वाटते, कारण अटींनी बांधलेल्या पैशातून इमारती उभ्या राहतात, संशोधनाचे विषय उभे राहत नाहीत. मात्र अशी देणगी हा अपवाद आहे, आणि प्राध्यापकाच्या कामगिरीनंतर साठ वर्षांनी येणारी रक्कम कोणत्याही महाविद्यालयाच्या अंदाजपत्रकाचा आधार होऊ शकत नाही.

आपल्या महाविद्यालयासाठी माझे म्हणणे पुढीलप्रमाणे आहे. मूल्यांकनाच्या अर्जात करारांची संख्या विचारली जाते म्हणून करार करावेच लागतील, ते करा. परंतु समितीची शक्ती तेथे खर्च करू नका. आपल्या परिसरातले, तासाभराच्या अंतरावरचे मोजके कारखाने निवडा, आणि दोन-तीन शिक्षकांना वर्षभर नियमितपणे तेथे जाऊ द्या. त्या वर्षात त्यांच्याकडून प्रकल्पही मागू नका आणि उत्पन्नही मागू नका. त्यांनी शिफ्टचे लॉगबुक वाचावे, बॅच का फसली हे उत्पादन विभागाच्या माणसाकडून ऐकावे, सांडपाण्यात काय जाते ते पाहावे. कारखान्यातला माणूस आपली खरी अडचण पहिल्या भेटीत सांगत नाही. पहिल्या भेटीत तो विद्यार्थ्यांच्या औद्योगिक सहलीची तारीख देतो. त्या शिक्षकांचा अध्यापनभार त्या वर्षी कमी करणे ही प्राचार्यांची जबाबदारी आहे, आणि ती पार पाडली गेली नाही तर पुढचे काहीच होणार नाही. अडचण मिळाल्यावर ती तशीच्या तशी विद्यार्थ्याला देऊ नका. तिच्यातला असा भाग शोधा की ज्याचे उत्तर दुसऱ्या कारखान्यालाही लागू पडेल, कारण तेवढाच भाग प्रबंधाच्या योग्यतेचा असतो. उरलेला भाग शिक्षकाने सल्लागार म्हणून सोडवावा आणि त्याचे रीतसर शुल्क घ्यावे. फुकट सल्ल्याची कारखान्यात अंमलबजावणी होत नाही, हा माझा पक्का अनुभव आहे.

गुप्ततेचा प्रश्न आधीच मिटवा. कंपनीचा रेणू, तिचे यील्ड (कच्च्या मालातून मिळणाऱ्या उत्पादनाचे प्रमाण) आणि तिचे ग्राहक यांविषयी काहीही छापले जाणार नाही, हे लिहून द्या. त्याच पत्रात हेही लिहून घ्या की त्याच स्वभावाच्या, बाजारात सर्रास मिळणाऱ्या दुसऱ्या रसायनावर केलेले मोजमाप विद्यार्थी निर्वेधपणे प्रसिद्ध करील, आणि कंपनीला हस्तलिखित वाचायला ठरावीक मुदत मिळेल, नकाराधिकार मिळणार नाही. वायू-द्रव अभिक्रियेवर काम असेल तर कार्बन डायऑक्साइड आणि अल्कली, किंवा हवा आणि कोबाल्ट-उत्प्रेरित सल्फाइट, या जुन्या आणि नीट मोजलेल्या प्रणाली आजही पुरतात. त्यांना लागणारे साहित्य आपल्या रसायनशास्त्र विभागाच्या कपाटात असेल. पहिला विद्यार्थी निवडताना गुणपत्रिकेइतकेच लक्ष या गोष्टीकडे द्या की त्याला हाताने काम करण्याची आवड आहे का आणि प्लॅन्टमधल्या ऑपरेटरशी आदराने बोलता येते का. प्रबंधाच्या परीक्षकांत एक जण उद्योगातला असावा, आणि तोंडी परीक्षेला त्या कारखान्याच्या उत्पादन विभागातील अभियंत्यांनाही बोलवावे, कारण त्यांच्या प्रश्नांतूनच पुढच्या विद्यार्थ्याचा विषय निघतो.